चार जीबी रॅम आणि जावाची फुकट साधने : गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले एक प्रकरण

वाळपईजवळच्या गावातून कदंबच्या बसने सांखळीला जाणारी विद्यार्थिनी. पदवीचे दुसरे वर्ष, विषय जावा. घरी चुलतभावाने दिलेला जुना लॅपटॉप आहे: विंडोज १०, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क (एसएसडी नाही), बॅटरी जेमतेम दहा मिनिटे टिकणारी. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, आणि पावसात वीज गेली की तेही रडतखडत. कॉलेजच्या लॅबमध्ये जावा ८ आणि नेटबीन्स ८.२ (कोड लिहून चालवायचे साधन) आहे. सत्राअखेर एक छोटा प्रकल्प द्यायचा होता. तिने विषय घरातलाच घेतला: आईचा स्वयंसहाय्य गट चवथीच्या आठवड्यात माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे) सामान विकतो, त्याचे बिल आणि शिल्लक मालाचा हिशेब. बिल गटातल्या बायका वाचणार, म्हणून वस्तूंची नावे मराठीतच हवीत.

साधनांवर खर्च करायचा नाही ही अट पहिल्यापासून होती. जावाच्या बाबतीत ती अडचण नव्हेच. शिकायला लागते ते सगळे फुकट मिळते. घोटाळा झाला तो फुकट साधने एकावर एक चढवल्याने. प्रकरण आमच्यासमोर आले तेव्हा लॅपटॉपवर दोन जावा, दोन आयडीई (नेटबीन्ससारखी साधने) आणि अर्धवट उतरलेला एक्लिप्स होता, आणि साधा दहा ओळींचा प्रोग्राम मात्र चालत नव्हता. सत्रातला बराच वेळ त्यात गेला होता. मुलगी हुशार, तर्क पक्का. वाया गेलेला वेळ सगळा सेटअपचा होता. म्हणून हे प्रकरण पूर्ण मांडत आहोत.

(आज्ञा आणि फाइलींची नावे खाली देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची: 'जावासी' म्हणजे कंपायलर, 'जावा' म्हणजे प्रोग्राम चालवणारा.)

बिघाड कुठून सुरू झाला

पहिली पायरी एका व्हिडिओवरून झाली. त्यातल्या माणसाकडे १६ जीबी रॅम, त्याने इंटेलिजे आयडिया टाकायला सांगितला, हिने टाकला. उत्तम साधन आहे यात शंका नाही. पण हिशेब मांडून पाहा. विंडोज १० आणि अँटीव्हायरस मिळून दोन जीबीच्या आसपास आधीच खातात. इंटेलिजेला स्वतःसाठी मिळणाऱ्या हीपची (प्रोग्रामला वापरता येणाऱ्या मेमरीची) कमाल मर्यादाच मुळात २ जीबी ठेवलेली असते, आणि तुमचा प्रोग्राम कंपाइल होतो, चालतो, तो आणखी वेगळ्या प्रोसेसमध्ये. रॅम संपली की विंडोज रॅममधला मजकूर हार्ड डिस्कवर हलवायला लागते, आणि जुन्या डिस्कवर ते इतके संथ होते की माउसचा बाणसुद्धा अडकतो. त्यात पहिल्यांदा उघडल्यावर इंटेलिजे जेडीकेचे (कंपायलर आणि लायब्ररीसह जावाच्या पूर्ण संचाचे) इंडेक्सिंग करतो. ते चालू असताना वीज गेली, लॅपटॉप बंद पडला, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे साधन वाईट नव्हते, यंत्राच्या मापाचे नव्हते. जेटब्रेन्सची शिफारसही ८ जीबीची आहे.

मग मैत्रिणीने सांगितले, 'व्हीएस कोड टाक, तो हलका असतो.' हा समज सगळीकडे आहे आणि अर्धाच खरा आहे. नुसता व्हीएस कोड एडिटर म्हणून बऱ्यापैकी हलका. पण जावाचा एक्स्टेन्शन पॅक टाकला की पाठीमागे एक भाषा-सर्व्हर सुरू होतो, तो एक्लिप्सच्याच कंपायलरवर बांधलेला जावा प्रोग्राम आहे आणि त्याच्या सेटिंगमध्ये हीपची मर्यादा पुन्हा २ जीबी लिहिलेली असते. ती सेटिंगमध्ये जाऊन ५१२ एमबी किंवा १ जीबी करता येते, किंवा सर्व्हरचा 'लाइटवेट' मोड निवडता येतो. लाइटवेटमध्ये वाक्यरचनेच्या चुका दाखवल्या जातात, बाकी फारसे काही नाही. हे बहुतेक शिकाऊ मुलांना कोणी सांगत नाही.

त्याहून त्रासाचे झाले ते 'कोड रनर' नावाच्या एक्स्टेन्शनने. बटण दाबले की प्रोग्राम चालतो, म्हणून ते लोकप्रिय. पण ते मुळात आउटपुट पॅनेलमध्ये चालवते आणि त्या पॅनेलमध्ये काही टाइप करता येत नाही. स्कॅनरने (कीबोर्डवरून वाचणाऱ्या जावाच्या क्लासने) 'किती नारळ?' असे विचारणारा प्रोग्राम तिथे नुसता थांबून राहतो. तिला वाटले आपले स्कॅनरच चुकले. तिने तो भाग पुन्हा पुन्हा लिहून काढला. कोडमध्ये काहीच चूक नव्हती. सेटिंगमध्ये 'रन इन टर्मिनल' ही खूण केली की काम झाले असते.

दोन जावा

यानंतर ती कमांड लाइनवर आली, आणि तिथे दिसले: अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर, क्लास फाइलची आवृत्ती ६५.०, या रनटाइमला (प्रोग्राम चालवणाऱ्या भागाला) ५२.० पर्यंतच ओळखता येते.

या संदेशाला मुले घाबरतात, पण इतका नेमका संदेश जावात क्वचितच मिळतो. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१, ६९ म्हणजे २५. आकड्यातून ४४ वजा करा, आवृत्ती मिळते. म्हणजे प्रोग्राम कंपाइल केला जावा २१ ने आणि चालवायला बसला जावा ८. एकाच लॅपटॉपवर, एकाच खिडकीत.

तपासायला दोनच आज्ञा पुरतात. 'जावासी -व्हर्जन' ने २१ दाखवले, 'जावा -व्हर्जन' ने १.८. मग 'व्हेअर जावा' दिली. दोन ओळी आल्या. वरची प्रोग्राम फाइल्स (एक्स८६) मधल्या कॉमन फाइल्स, ओरॅकल, जावा, जावापाथ या फोल्डरची. खालची तिने झिप उघडून ठेवलेल्या जेडीके २१ ची. विंडोज वरची पहिली ओळ घेते. चुलतभावाने कधीतरी एका सॉफ्टवेअरसाठी जावा ८ चा रनटाइम टाकला होता, तो तिथेच बसून होता. त्या रनटाइममध्ये कंपायलर नसतो, म्हणून 'जावासी' शोधताना विंडोज खाली २१ पर्यंत गेली आणि 'जावा' शोधताना वरच थांबली.

तिने पाथ (आज्ञा कोणत्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी) सेट केला नव्हता असे नाही. केला होता, पण युजर व्हेरिएबल्समध्ये. विंडोज आधी सिस्टमचा पाथ जोडते, मग युजरचा. त्यामुळे सिस्टम पाथमधला जुना जावा नेहमी जिंकतो, युजर पाथमध्ये तुम्ही तो कितीही वर न्या. व्हिडिओत ही गोष्ट येत नाही कारण व्हिडिओ करणाऱ्याच्या यंत्रावर जुना जावा नसतो.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. पाथ बदलायला 'सेटएक्स' ही आज्ञा पुष्कळ ठिकाणी सुचवलेली दिसते. ती १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते. पाथ लांब असेल तर त्याचा शेपटा कायमचा जातो आणि मग जावाशी संबंध नसलेले प्रोग्राम बंद पडतात. पाथ बदलायचा तर 'एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्स' च्या खिडकीतूनच बदलावा. आणि जुन्या नोट्समध्ये 'क्लासपाथ' नावाचे व्हेरिएबल सेट करायला सांगितलेले असते, ते करू नये. ते सेट केले आणि त्यात चालू फोल्डरची खूण म्हणजे एकटा टिंब नसेल, तर समोर क्लास फाइल दिसत असूनही 'मेन क्लास सापडत नाही' असे उत्तर येते. तिच्या लॅपटॉपवर हेही होते. ते काढून टाकले.

उपाय सरळ केला. चुलतभावाला विचारून जावा ८ अनइन्स्टॉल केला, झिपचा जेडीके काढला, पाथमधल्या त्या ओळी पुसल्या आणि एकच जेडीके नव्याने टाकला.

कोणता जेडीके

जावाचा मूळ स्रोत ओपनजेडीके हा प्रकल्प आहे, आणि त्यावरून बांधलेले तयार जेडीके अनेकजण देतात: ओरॅकल, अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, आणि एक्लिप्स फाउंडेशनच्या अडॉप्टियम गटाचा टेमुरिन. शिकणाऱ्याच्या प्रोग्रामला यांत फरक पडत नाही. टेमुरिन निवडला त्याची कारणे दोन. डाउनलोडला खाते उघडावे लागत नाही, आणि परवान्याचा प्रश्न उरत नाही. ओरॅकलच्या जेडीकेचे नियम फिरत आले आहेत: एप्रिल २०१९ पासून जावा ८ च्या नव्या अपडेटना व्यावसायिक वापरासाठी पैसे लागू झाले, २०२१ मध्ये जावा १७ पुन्हा मोफत झाला, आणि त्या मोफतीलाही ठरावीक मुदत. घरी शिकणाऱ्या मुलीला यातले काही अडत नाही. पण हीच मुलगी उद्या म्हापशाच्या एखाद्या दुकानासाठी बिलाचा प्रोग्राम करून देईल तेव्हा अडू शकते, आणि तेव्हा साधन बदलण्यापेक्षा आजच ज्याला अट नाही ते घेतलेले बरे.

आवृत्ती २१. ही दीर्घ मुदतीची आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली आणि टेमुरिनचे अपडेट तिला किमान २०२९ पर्यंत मिळणार आहेत. २५ ही सप्टेंबर २०२५ ची दीर्घ मुदतीची आवृत्तीही चालली असती. तरी तिच्यासाठी २५ नको असे ठरवले. २५ मध्ये 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' न लिहिता नुसते 'व्हॉइड मेन' चालते, क्लासचे नावही द्यावे लागत नाही. नवशिक्यासाठी ही सोय खरोखर चांगली आहे, पण लॅबमध्ये जावा ८ आहे. तिथे परीक्षेच्या दिवशी सवयीने 'व्हॉइड मेन' लिहिले की प्रोग्राम चालायचा नाही.

मग घरीही जावा ८ च का नको? हा प्रश्न रास्त आहे, टेमुरिन ८ देखील फुकट मिळतो. नकार दिला तो एरर संदेशांमुळे. माटोळीच्या प्रोग्राममध्ये तिने दहा वस्तूंचा अ‍ॅरे केला होता आणि त्यात वस्तू भरायच्या आधीच दर वाचायचा प्रयत्न होत होता. वस्तूंचा अ‍ॅरे केला म्हणजे वस्तू तयार होत नाहीत, दहा नल, म्हणजे रिकाम्या जागा, मिळतात. शिकणारे सगळे इथे एकदा अडतातच. जावा ८ यावर फक्त 'नल पॉइंटर एक्सेप्शन' आणि ओळीचा क्रमांक देतो. त्या ओळीत तीन ठिकाणी टिंब असेल तर यातले नल कोण हे शोधत बसा. जावा १५ पासून संदेशच सांगतो: 'रेट' हे फील्ड वाचता येत नाही कारण 'आयटम्स[३]' नल आहे. एक बारकावा: 'जावासी -जी' असे कंपाइल केले तरच संदेशात चलाचे नाव 'आयटम्स' दिसते, नुसत्या 'जावासी' ने 'लोकल१' सारखे नाव येते. म्हणून तिला पहिल्या दिवसापासून '-जी' लावायला सांगितले.

इन्स्टॉल करताना टेमुरिनच्या एमएसआय फाइलमध्ये 'अ‍ॅड टू पाथ' आधीच निवडलेले असते, 'सेट जावा होम' निवडलेले नसते. दुसऱ्यावर क्लिक करून तेही घ्यावे, पुढे नेटबीन्स किंवा मॅव्हन (प्रकल्प बांधायचे साधन) यांना लागते. झाल्यावर कमांड प्रॉम्प्टची जुनी खिडकी बंद करून नवीन उघडायची. जुन्या खिडकीला नवा पाथ कळत नाही आणि मुले 'इन्स्टॉल झालेच नाही' म्हणून पुन्हा डाउनलोडला बसतात. पावणेदोनशे-दोनशे एमबीची फाइल हॉटस्पॉटवर दोनदा उतरवणे परवडत नाही. कॉलेजच्या वायफायवर एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवली.

एडिटर

पहिल्या टप्प्यासाठी नोटपॅड प्लस प्लस आणि कमांड प्रॉम्प्ट, इतकेच. स्वयंपूर्तीही बंद. हे जुनाट वाटेल, पण आमचे मत ठाम आहे: कंपाइल करणे आणि चालवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे हाताने केल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळले नसेल तर वरचा ६५ आणि ५२ चा घोळ कोणत्याही आयडीईत सुटत नाही. हिरवे बटण दोन्ही क्रिया एकाच दाबात करते, म्हणून त्यांतली कोणती बिघडली ते दिसत नाही.

कामाचे फोल्डर थेट सी ड्राइव्हवर, 'जावाकाम' अशा जोडलेल्या नावाचे. डेस्कटॉपवर नको, कारण विंडोज १० मध्ये डेस्कटॉप पुष्कळदा वनड्राइव्हमध्ये वळवलेला असतो. मग प्रत्येक क्लास फाइल हॉटस्पॉटवरून वर चढत राहते आणि मधूनच फाइल अडकवून ठेवते. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' ची खूण करायची. ती नसताना साध्या नोटपॅडने 'माटोळीबिल.जावा.टीएक्सटी' अशी फाइल बनवली होती, स्क्रीनवर 'माटोळीबिल.जावा' दिसत होती, आणि कंपायलर म्हणत होता फाइल सापडत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर.

रोजची कृती अशी बसवली: फोल्डरमध्ये जायचे, 'जावासी -जी माटोळीबिल.जावा', काही न बोलता प्रॉम्प्ट परत आला म्हणजे ठीक, मग 'जावा माटोळीबिल'. चालवताना '.क्लास' लावायचे नाही. लावले की जावा 'माटोळीबिल.क्लास' नावाचा क्लास शोधतो, तो नसतोच. जावा ११ पासून 'जावा माटोळीबिल.जावा' असे एका फाइलला थेट चालवता येते, पण सुरुवातीला तेही टाळले, वरच्याच कारणाने. आणि एरर वीस आले तरी फक्त पहिला वाचायचा, तो दुरुस्त करून पुन्हा कंपाइल. एक कंस सुटला की खालचे अठरा त्याच्याच पोटातून आलेले असतात.

दुसऱ्या टप्प्यात ब्लूजे. क्लास आणि ऑब्जेक्ट शिकायला याच्याइतके चांगले फुकट साधन आम्हाला दुसरे दिसत नाही. ते शिकवण्यासाठीच बनवलेले आहे, मायकेल कोलिंग आणि सहकाऱ्यांनी १९९९ पासून. 'वस्तू' हा क्लास चौकोन म्हणून दिसतो, त्यावर राइट क्लिक करून ऑब्जेक्ट तयार करता येतो, तो खालच्या पट्टीवर येऊन बसतो आणि त्याच्या आतले दर आणि नग उघडून बघता येतात. मेन न लिहिता मेथड तपासता येते. ४ जीबीवर विनातक्रार चालते. ब्लूजे स्वतःचा जेडीके सोबत आणतो, पण पाथमध्ये घालत नाही, त्यामुळे 'एकच जेडीके' हा नियम त्याने मोडत नाही. सबमिशनला मात्र फक्त '.जावा' फाइली द्यायच्या, '.सीटीएक्सटी' आणि 'पॅकेज.ब्लूजे' या त्याच्या स्वतःच्या नोंदी आहेत.

एक्लिप्स, नेटबीन्स, इंटेलिजे हे नंतर, ८ जीबी रॅम झाल्यावर. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', 'मेमरी' उघडले तर रॅमचे किती स्लॉट भरले आहेत ते दिसते. तिच्या लॅपटॉपवर दोनपैकी एक रिकामा निघाला. तेवढी एक पट्टी घेणे हाच या सगळ्यातला एकमेव खर्च ठरेल, आणि तोही पुढच्या वर्षी. इंटेलिजेची 'कम्युनिटी' ही वेगळी आवृत्ती आता शोधत बसू नये, २०२५.३ पासून इन्स्टॉलर एकच आहे, साधे जावाचे काम त्यात फुकट चालते.

नारळ चालतो, सुपारी अडते

मराठी नावांचा भाग सर्वांत चमत्कारिक वाटला होता. लॅबमध्ये कमांड लाइनवर 'नारळ' लिहिलेला प्रोग्राम कंपाइल होत होता, 'कांगणी' आणि 'तवसे' हेही, पण 'सुपारी' आले की कंपायलर 'सीपी१२५२ मध्ये न बसणारे अक्षर' अशी तक्रार करायचा. जे कंपाइल व्हायचे तेही स्क्रीनवर कचरा छापायचे.

कारण असे. फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या सामावणाऱ्या अक्षरसंचात) सेव्ह केलेली असते, त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे. जावा १७ पर्यंतचा कंपायलर विंडोजवर वेगळे सांगितले नाही तर फाइल विंडोज-१२५२ (वरच्या तक्रारीतला 'सीपी१२५२') या युरोपीय अक्षरसंचात आहे असे धरतो. त्या संचात जवळपास प्रत्येक बाइटला काहीतरी अक्षर आहे, म्हणून नारळाचे बाइट चुकीच्या अक्षरांत बदलून गुपचूप पुढे जातात. पण पाच बाइट त्या संचात रिकामे आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. ह्रस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१, म्हणून सुपारी अडते. हलन्ताचा ८डी, म्हणून प्रत्येक जोडाक्षर अडते. 'ए', 'ऐ' आणि 'झ' चे हेच. 'एकूण' या शब्दाने तिचे बिल अडले ते याच कारणाने.

जावा १८ पासून मूळ संच यूटीएफ-८ झाला, त्यामुळे घरच्या २१ वर ही तक्रार येत नाही. लॅबमध्ये 'जावासी -एन्कोडिंग यूटीएफ-८' असे सांगावे लागते. जुन्या नोटपॅडने 'यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण बसते, तिच्यावरही कंपायलर पहिल्याच ओळीत 'अवैध अक्षर' म्हणतो. नोटपॅड प्लस प्लसमध्ये एन्कोडिंग 'यूटीएफ-८', 'बीओएम' (ती अदृश्य खूण) शिवायचे, असे ठेवायचे.

पण कंपाइल झाले तरी काळ्या खिडकीत प्रश्नचिन्हे येतात, कारण खिडकीचा संच आणखी निराळा. '२१' वर आधी 'सीएचसीपी ६५००१' दिले की प्रश्नचिन्हे जातात; तरी त्या खिडकीचा फॉन्ट देवनागरीचा नसतो, चौकोन दिसतात किंवा मात्रा सुट्या पडतात. कीबोर्डवरून मराठी वाचणे तर तिथे अजिबात भरवशाचे नाही.

म्हणून वाट बदलली. प्रोग्रामच्या कोडमध्ये देवनागरीचे एकही अक्षर ठेवले नाही. वस्तूंची यादी आणि 'एकूण', 'शिल्लक' असे मथळे एका साध्या मजकूर फाइलमध्ये, क्रमांक, नाव, दर, नग अशा स्वल्पविरामांच्या ओळी. ती वाचायला 'फाइल्स.रीडऑललाइन्स', कारण हे मेथड जावा ८ मध्येही यूटीएफ-८ च धरते. 'फाइलरीडर' मात्र ८ मध्ये यंत्राचा संच धरतो आणि पुन्हा कचरा. विकणारी बाई काळ्या खिडकीत फक्त वस्तूचा क्रमांक आणि नग टाकते, आणि तयार बिल यूटीएफ-८ सांगून एचटीएमएल फाइल म्हणून लिहिले जाते. ती ब्राउझरमध्ये उघडली की जोडाक्षरे नीट, आणि छापताही येते. गटाला हवे होते ते हेच.

लॅबशी मेळ

लॅबमध्ये तिला सर म्हणायचे, 'क्लास फाइल नको, जावा फाइल आण गो.' सल्ला अगदी योग्य. पेन ड्राइव्हवर '.जावा' न्यायची आणि तिथल्या जावा ८ ने पुन्हा कंपाइल करायचे, म्हणजे ६५ आणि ५२ चा प्रश्नच येत नाही. मात्र घरी लिहिलेले लॅबच्या ८ मध्ये कंपाइल होईल की नाही हे आधी कळायला हवे. त्यासाठी 'जावासी --रिलीज ८'. २१ वर ही आज्ञा '८ कालबाह्य होत आहे' असा इशारा देते, तो सोडून द्यायचा. 'व्हार', रेकॉर्ड, बाणाचे स्विच, स्ट्रिंगचे 'इजब्लँक' हे सगळे ती घरीच पकडते. जुन्या नोट्समधली '-सोर्स ८ -टार्गेट ८' ही जोडी पुरेशी नाही. ती भाषेची रचना तपासते, लायब्ररी तपासत नाही. 'इजब्लँक' ११ मधले आहे तरी कंपाइल होते आणि लॅबमध्ये चालवताना 'नो सच मेथड' म्हणून कोसळते.

लॅबचा जावा ८ मध्येच काढून नवा टाका, असे कोणी सुचवेल. सत्र चालू असताना ते करू नये. नेटबीन्स ८.२ हा २०१६ चा, जावा ८ वर चालणारा. त्याच्या खालून जेडीके काढून २१ ठेवला तर सगळ्यांचेच प्रॅक्टिकल बंद पडते. आणि आजच्या अपाची नेटबीन्सला उलट १७ किंवा पुढचा लागतो. म्हणजे ही जोडी एकत्रच बदलावी लागते. सुट्टीत करायचे तर टेमुरिन २१ ची झिप वेगळ्या फोल्डरमध्ये उघडावी, पाथला हात लावू नये, नव्या नेटबीन्सला त्या फोल्डरचा पत्ता त्याच्या कॉन्फ फाइलमधल्या 'जेडीकेहोम' ओळीत द्यावा, आणि दोन-तीन यंत्रांवर जुन्या प्रॅक्टिकलच्या फाइली कंपाइल करून बघाव्यात. मग बाकीची.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्यामुळे तिच्या लॅपटॉपवर पुढे लिनक्स मिंट टाकण्याचा विचार आहे. मिंट २२ वर जेडीके २१ एका आज्ञेत येतो आणि टर्मिनल मुळातच यूटीएफ-८ असते. पण ते प्रकल्प सबमिट झाल्यावर. आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय आणि ब्लूजे दोन्ही चालतात का ते बघायचे, आणि 'जावाकाम' फोल्डरची प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढल्याशिवाय डिस्कला हात लावायचा नाही.